गुरुवारची किल्ली

तो आला होता पँटची उंची कमी करून घ्यायला. बस, एवढंच. प्रेमात वगैरे पडायचं मनात असेल तर माणूस अनवाणी पायांनी, घोट्याशी टाचण्या लावून, स्टुलावर उभा राहत नाही.

ती त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसली होती. गळ्यात टेप, हातात खडू आणि ओठांत चार टाचण्या. त्या टाचण्यांमुळे तिला नीट बोलता येत नसे आणि गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार गंभीर आहेत. गल्लीत सगळे तिला 'मास्तर' म्हणत. खरे मास्तर तिचे बाबा. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. घराच्या पुढच्या खोलीतलं शिवणकाम, कापायचं लांब टेबल, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आणि मुकादम, एवढं सगळं ते तिच्या अंगावर टाकून गेले. त्याबरोबर नावही आपसूक तिच्याकडे आलं.

मुकादम म्हणजे कुत्रा. तांबूस रंगाचा, चांगला तीस किलोंचा, एक कान उभा आणि एक पडलेला. तेरा वर्षं तो त्या टेबलाखाली पडून कामावर देखरेख करत आला होता. कात्रीचा आवाज थांबला की मान वर करून बघे, म्हणून बाबांनी त्याचं नावच मुकादम ठेवलं.

"सरळ उभे राहा," ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

"उभाच आहे की."

"एक पाय वाकवताय. मग पँट एका पायात आखूड होते आणि लोक मला नावं ठेवतात."

"तुमचं ते घड्याळ मागे आहे. सारखी मान तिकडे वळते, म्हणून पाय वाकतो."

"घड्याळ मागे नाही. तुम्ही घाईत आहात."

"पाऊण तास मागे आहे," तो अगदी अदबीनं म्हणाला. "एवढी घाई मला कधीच नसते."

तिला हसू फुटणार होतं... टाचण्या सांभाळायला तिनं ओठ घट्ट मिटले आणि वर बघितलं. तोही बघत होता. काय झालं असतं पुढे कोण जाणे. पण तेवढ्यात टेबलाखालून खडखड आवाज आला.

मुकादम आडवा पडला होता. मान मागे ओढलेली, अंग लाकडासारखं ताठ, आणि चारही पाय हवेत धावत होते. डोळे उघडे होते, पण त्यांत तो नव्हता. तोंडाला फेस आला. टेबलाच्या पायावर त्याचं डोकं आपटत होतं — ठक, ठक, ठक.

"बाबा!" ती ओरडली. टाचण्या जमिनीवर सांडल्या. बाबा नाहीत, हे तिला ओरडून झाल्यावर आठवलं.

त्यानं स्टुलावरून उडी मारली. "जीभ! जीभ आत जाते म्हणतात!" आणि त्या शहाण्यानं सरळ कुत्र्याच्या तोंडात हात घातला. जबडा मिटला. तो ओरडला नाही, फक्त पांढराफटक पडला.

मग ते थांबलं. पाय सैल पडले, खाली ओलं झालं, आणि खोलीत फक्त धापा ऐकू येऊ लागल्या. थोड्या वेळानं मुकादम धडपडत उठला, भिंतीला धडकला, तिच्याकडे बघून गुरगुरला. ज्या हातानं तो तेरा वर्षं जेवला, तो हात त्याला ओळखू येत नव्हता. ती त्या क्षणी जितकी घाबरली, तितकी झटक्यालाही घाबरली नव्हती.

पुढच्या चौकात प्राण्यांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई बाबांच्या वेळेपासूनच्या. केस पिकलेले, आवाज खणखणीत. त्यांनी मुकादमला तपासलं आणि चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "किती वेळ चालला झटका?"

"खूप वेळ," ती म्हणाली. "अर्धा तास तरी..."

"अर्धा नाही," तो रुमालानं अंगठा दाबत म्हणाला. "दहा मिनिटं असेल."

"दहा मिनिटं असता तर एवढ्यात शेपटी हलवत नसता. दीड-दोन मिनिटं असेल. घाबरलं की सगळ्यांना दहाच वाटतात. आणि जीभ कुणाची आत जात नाही, कळलं? तोंडात हात घालायचा नाही, दाबून धरायचं नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं, पडदा ओढायचा, आणि घड्याळात बघायचं. तुम्ही काय करता हो?"

त्यानं अंगठ्यावरचा रुमाल आणखी घट्ट आवळला.

"कामधंदा काय?"

"घड्याळं दुरुस्त करतो," तो खालच्या मानेनं म्हणाला.

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेर बसलेली मांजर दचकली. तीसुद्धा हसली — रडता रडताच. तो मात्र कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, आणि त्याच्या पँटच्या एका पायाला अजून टाचण्या तशाच होत्या.

हसणं थांबलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. या वयात पहिल्यांदा झटका येतो, तेव्हा बहुतेक मेंदूत काहीतरी वाढत असतं. बरं होणारं नाही, आवरता येतं. गोळ्या बारा-बारा तासांनी, मिनिटाचा उशीर न करता. एका वहीत प्रत्येक झटका लिहायचा: तारीख, वेळ, किती मिनिटं. "मी औषध त्या वहीवरून ठरवणार. पाच मिनिटांच्या वर गेला तर वाट बघायची नाही, उचलून इथे आणायचा. आणि आकडे वाढत चालले... तर मग आपल्याला बोलावं लागेल."

कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही. तिला कळलं होतं.

त्याच्या अंगठ्याला चार टाके पडले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घड्याळजीचा उजवा अंगठा!

"पंधरा दिवस मनगटी घड्याळांना सुट्टी," तो म्हणाला. "मोठी चालतील. तुमचं ते भिंतीवरचं... गोळ्यांची वेळ त्यावर बघणार असाल तर कुत्र्याचं कठीण आहे."

"रोज वीस मिनिटं मागे पडतं. बाबा दर गुरुवारी किल्ली देताना पुढे करायचे. चौदा वळसे, मोजून."

"गुरुवारीच का?"

"गुरुवारी दुकान बंद."

"माझंही," तो म्हणाला.

झालं! ठिणगी कुठे पडली म्हणून विचाराल तर तिथे पडली.

पहिल्या गुरुवारी त्यानं घड्याळ उतरवून साफ केलं. दुसऱ्या गुरुवारी तेल दिलं, आणि उरलेल्या तेलाची बारीक कुपी तिच्या मशीनवर ठेवली. "हे घाला. तुमचं मशीन खोकतंय." तिनं घातलं, मशीन लोण्यासारखं चालू लागलं. तिसऱ्या गुरुवारी घड्याळ सहा मिनिटं मागे होतं, चौथ्या गुरुवारी पाच मिनिटं पुढे.

"लंबकाखालची चाकी आहे ना," तो गंभीरपणे सांगू लागला, "ती एका दिवसात बसत नाही. थोडी वर, थोडी खाली... आठवडाभर चाल बघायची, मग परत थोडी. जुनी घड्याळं फार मानी असतात."

"अस्सं?"

"हो ना. वेळ लागतो."

"किती?"

"सांगता येत नाही," तो चाकीकडे बघत म्हणाला. "वर्षसुद्धा लागेल."

ती इस्त्रीकडे वळली, कारण तोंडावरचं हसू लपवायला इस्त्रीच्या वाफेइतका चांगला आडोसा नाही. ज्याच्या दुकानात पन्नास घड्याळं टिकटिकतात, त्याला एक चाकी बसवता येत नाही होय! पण तिनं त्याला पकडलं नाही. काही थापा अशा गोड असतात की त्या उघड्या पाडणाऱ्याचंच नुकसान होतं. ती फक्त गोळ्यांसाठी मोबाइलचा गजर लावून ठेवत असे, आणि घड्याळाला खुशाल चुकू देत असे.

मुकादमनं तिच्याआधी त्याला आपलं म्हटलं. गुरुवारी जिन्यात पाऊल वाजलं की त्याचा पडलेला कानही अर्धा उभा राही. घड्याळजी जमिनीवर मांडी घालून बसे, आणि मुकादम त्याच्या मांडीवर हनुवटी टेकून त्याच्या हातातल्या चाकांवर देखरेख करी. हळूहळू गुरुवारचं येणं रोजच्या दुपारच्या चहावर आलं. त्याचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. ती शिलाई मारे, तो भिंग डोळ्याला लावून एखादं छोटं घड्याळ तिथेच उघडून बसे. कधी तासभर कुणी बोलत नसे. बाबा गेल्यापासून ती खोली एवढी भरलेली तिनं पाहिली नव्हती.

आणि झटके... येत होते. महिन्यात एक, मग दोन, मग दर आठवड्याला. बहुतेक दुपारचेच. आता दोघंही तरबेज झाले होते. तो टेबल सरकवी, ती पडदा ओढी आणि मुकादमच्या पाठीशी बसून बाबांच्या आवाजात "बस रे बाळा, बस" म्हणत राही. तिला घड्याळाकडे बघवत नसे. बघणं त्याच्याकडे होतं. त्यानं जुनं, धावण्याच्या शर्यतीत वापरतात तसलं घड्याळ खास खिशात ठेवलं होतं. झटका सुरू झाला की कट्, थांबला की कट्. मग बारीक, सुबक अक्षरात तो वहीत लिही — दोन मिनिटं दहा सेकंद. दोन मिनिटं चाळीस. दोन मिनिटं तीस.

"वाढत नाहीये ना?" ती दर वेळी विचारी.

"नाही."

"नक्की?"

"वहीत आहे की."

डॉक्टरीणबाई वही बघत आणि म्हणत, "आकडे ठीक आहेत. पण कुत्रा मला आकड्यांपेक्षा थकलेला वाटतो." मुकादमचे मागचे पाय लटपटू लागले होते. एका डोळ्यानं दिसेनासं झालं. तो वाटीऐवजी शेजारच्या जमिनीवर तोंड घाली. ती वाटी सरकवी आणि स्वतःला बजावी... वही बघ. वहीत ठीक आहे.

खरं सांगायचं तर तिच्या भीतीला दोन टोकं होती, आणि दुसऱ्या टोकाची तिला लाज वाटे. मुकादम गेला की बाबांना ओळखणारं घरात कुणी उरणार नाही, हे एक. आणि मुकादम गेला की दुपारचा चहा कुणासाठी ठेवायचा, हे दुसरं. तो काही बोलला नव्हता. तीही नव्हती. दोघांच्या मध्ये एक म्हातारा कुत्रा आणि एक मुद्दाम चुकणारं घड्याळ, एवढ्यावर सगळं उभं होतं.

त्या बुधवारी बाहेर नुसती भुरभुर चालली होती. फोन वाजला. दुसऱ्या शहरात दिलेली थोरली बहीण.

"हॅलो, ताई—" एवढं ती म्हणते न म्हणते तोच टेबलाखाली खडखड झाली. तिनं फोन तसाच टेबलावर टाकला. त्यानं खिशातलं घड्याळ काढलं. कट्.

हा झटका संपेचना. थांबतोय असं वाटे आणि पुन्हा उसळे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "किती झाली? न्यायचा का? सांगा ना, किती झाली?"

"होतंय... कमी होतंय. तीनसुद्धा नाही झाली."

"नक्की?"

"मी बघतोय ना. तुम्ही त्याच्याकडे बघा."

शेवटी थांबला. मुकादमचं अंग ओल्या कापडासारखं पडलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती म्हणाली, "थांबलं... थांबलं रे बाळा." टेबलावरून बारीक आवाज आला, "अगं, ऐकतेयस का? अगं ए!"

तिनं फोन उचलला. ताई रडत होती. "किती वेळ गं चाललं होतं ते! मी इकडे जीव मुठीत धरून... साडेसात मिनिटं! माझ्यासमोर आकडा पळतोय फोनवर. दर वेळी एवढा वेळ चालतं?"

कानापासून फोन काढून तिनं बघितला. संभाषण सुरू होतं — सात मिनिटं, पन्नास सेकंद. एक्कावन्न. बावन्न.

मग तिनं त्याच्या हातातल्या वहीकडे बघितलं. शाई अजून ओली होती. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

"नंतर करते गं," म्हणून तिनं फोन ठेवला. खोलीत फक्त लंबकाचा आवाज.

"तू खोटं लिहिलंस," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती त्याला 'तू' म्हणाली. तो किती गुरुवार त्या एका शब्दाची वाट बघत होता... आणि आला तो असा.

"मास्तर, मी—"

"किती दिवस?"

"तिसऱ्या झटक्यापासून." त्यानं वही मिटली. "साडेतीन आला होता. तू... तुम्ही अशा बघत होतात माझ्याकडे... मला आकडा बोलवेना. एक मिनिट कमी सांगितलं. तुमच्या तोंडावर जीव आला. मग पुढच्या वेळी दीड. मग..."

"बाई औषध त्या वहीवरून ठरवतात! तुला माहीत होतं!"

"हो."

"पाच मिनिटांच्या वर गेला तर उचलून न्यायचा होता. किती वेळा गेला?"

त्यानं वही टेबलावर ठेवली. "तीनदा. आजचा धरून."

तिनं मुकादमच्या कपाळावरून हात फिरवला. त्याचा दिसणारा डोळा तिच्याकडे लागला होता, पण ओळख अजून परतली नव्हती. तिला भयंकर संताप आला. आणि त्या संतापाच्या तळाशी एक बारीक काटा होता, तो तर आणखीच टोचत होता: घड्याळ तिच्या डोक्यावरच लटकत होतं. पुढे असो, मागे असो, मिनिटं तर तेही मोजत होतं. मान वर केली असती तर तिलाही दिसलं असतं. तिनं एकदाही केली नव्हती.

"जा," ती म्हणाली. "माझ्या घरातनं जा."

तो उठला. दाराशी गेला, परत वळला, स्टूल ओढून घड्याळासमोर चढला. खिशातलं घड्याळ काढून त्यानं काटे लावले, लंबकाखालची चाकी एकदा, फक्त एकदा, फिरवली, आणि चौदा वळसे किल्ली दिली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आता बरोबर चालेल," तो खाली मान घालून म्हणाला. "मागे-पुढे होणार नाही."

आणि खरोखरच झालं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, घड्याळ मोबाइलशी सेकंदानं जुळत होतं. त्या बरोबर चालणाऱ्या घड्याळाकडे बघून तिला रडू यायचं. आता ते बिघडणार नव्हतं, आणि तो येणार नव्हता. वही घेऊन ती दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली; आत गेलं की डॉक्टरीणबाई काय बोलणार, ते तिला माहीत होतं.

रविवारी दुपारी मुकादमनं अर्धी वाटी खाल्ली, टेबलाखाली जाऊन पडला, आणि सुरू झालं. या वेळी तिनं स्वतःच टेबल सरकवलं. पडदा ओढला. आणि मान वर करून घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून चार मिनिटं.

"बस रे बाळा... बस..." पाच. सहा. तिनं नजर हलवली नाही. सात. आठ. पाय धावतच होते. नऊ वाजून... नाही, दोन वाजून नऊ. पाच मिनिटं झाली.

तीस किलोंचा कुत्रा, दोन जिने. तिनं फोन घेतला. बोटाला विचारावं लागलं नाही, ते त्याच्याच नावावर गेलं.

"पाच मिनिटं झाली," ती म्हणाली. "थांबत नाहीये."

तो आला तेव्हा त्याच्या एका डोळ्याला भिंग तसंच होतं. तिनं कापायच्या टेबलावरची जाड चादर ओढून काढली, दोघांनी मुकादमला चादरीवर सरकवलं, दोन टोकं तिनं धरली, दोन त्यानं. जिन्यात तो उलट्या पायांनी उतरत होता आणि प्रत्येक पायरीला म्हणत होता, "सावकाश... आहे मी... सावकाश." चौकापर्यंत लोक वाट सोडत गेले. चादर तिच्या बोटांत रुतत होती. तिला ते वजन मरेपर्यंत आठवणार होतं.

"किती वेळ?" डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरता भरता विचारलं.

"सतरा मिनिटं," तो म्हणाला. मग लगेच, "आणि बाई, वहीतले आधीचे आकडे खोटे आहेत. मी लिहिले. यांना माहीत नव्हतं. औषध कमी पडलं असेल तर ते माझ्यामुळे."

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. इंजेक्शन दिलं. पाय थांबले. छाती मात्र कशीबशी हलत होती.

"मास्तर," त्या तिच्या शेजारी येऊन बसल्या. "आता बोलावं लागेल, बाळा."

"औषध वेळेवर वाढवलं असतं तर?"

"थोडे चांगले दिवस मिळाले असते कदाचित. कदाचित नसतेही. आत जे वाढतंय, ते कुणाच्या वहीनं थांबणारं नव्हतं. पण आता हा उठला तरी पुन्हा हेच. तासाभरात."

तिनं मुकादमचा पडलेला कान हातात घेतला. आतून तो अजून मऊ होता, लहान पिलाचा असतो तसा. तिच्या मनात आलं, मी हो म्हटलं की संपेल. मग आलं, मी एवढे दिवस नाही म्हणत होते ते कुणासाठी? त्याच्यासाठी की माझ्यासाठी? उत्तर तिला माहीत होतं. ते माहीत असणं फार दुखत होतं.

"त्रास नाही ना होणार त्याला?"

"झोप लागते. बस."

तिनं मान हलवली. मग वाकून ती त्याच्या कानात म्हणाली, "मुकादम, सुट्टी झाली रे. दुकान बंद. जा बाबांकडे."

घड्याळजी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. हातातलं घड्याळ त्यानं सुरू केलं नव्हतं.

परतताना चादर रिकामी होती. तिनं ती घडी करून छातीशी धरली होती. गल्लीच्या वळणावर तो थांबला. ती थांबली नाही.

चार गुरुवार गेले. तिनं आलेली कामं उरकली, काज-बटणं केली, तुरपाई केली. कात्री थांबली की ती नकळत टेबलाखाली बघे. पहिल्या आठवड्यातच घड्याळाची किल्ली संपली. किल्ली तिच्या हाताशी, खणात होती. चौदा वळसे द्यायला कितीसा वेळ लागतो? पण तिनं दिली नाही. पावणेचारला काटे थांबले ते थांबलेच. दुपारचा चहा ती एकच कप ठेवायला शिकली, आणि तोही निम्मा टाकून द्यायला.

पाचव्या गुरुवारी तिनं घड्याळ भिंतीवरून उतरवलं, त्याच चादरीत गुंडाळलं आणि मागच्या गल्लीत गेली. त्याच्या दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत तो एकटाच, पुढ्यात उघडं घड्याळ, आणि भिंग कपाळावर चढवलेलं. तिला बघून तो उठला, आणि उठल्यावर पुढे काय करायचं ते त्याला सुचेना.

"बंद पडलंय," ती म्हणाली.

त्यानं चादर उलगडली. घड्याळाचं दार उघडून आत बघितलं. "लंबक न काढता आणलंत? तार तुटली असती..." मग त्यानं कान लावला, आत बोट घालून हळूच चाक हलवलं, आणि तिच्याकडे बघितलं. "यात काही बिघाड नाही. नुसती किल्ली संपलीय."

"माहितीये."

"मग एवढं ओझं घेऊन..."

"मुकादम नाही. घड्याळही बिघडलेलं नाही. तुला यायला काही कारणच उरलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी आले."

दुकानातली पन्नास घड्याळं एकाच वेळी बोलत होती. त्यानं कपाळावरचं भिंग काढून ठेवलं.

"मला वाटलं... तुम्ही माझं तोंड बघणार नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं. चार आठवडे वाटत होतं." तिनं पिशवीतून वही काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. "अजून राग गेलेला नाही. पूर्ण जाईल की नाही, माहीत नाही. पण आधी मला खरे आकडे सांग. आठवतात?"

त्यानं खण उघडला. आत घड्याळांच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांच्याखाली एक घडी केलेला कागद. त्याच बारीक, सुबक अक्षरात तारखा. तीन मिनिटं तीस. चार मिनिटं पाच. पाच मिनिटं चाळीस...

"वहीत खोटं लिहायचो," तो म्हणाला, "आणि इथे येऊन खरं लिहायचो. नाहीतर झोप लागायची नाही. तुझ्यासाठी खोटं बोलतोय, असं म्हणायचो मनाशी. पण तेही खोटं होतं. मुकादम गेला तर मला त्या जिन्यावर कोण चढू देणार... म्हणून बोलायचो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. ते असं सांगायचं नव्हतं मला."

"मग कसं सांगायचं होतं?"

"घड्याळ बरोबर लागेल तेव्हा."

ती हसली नाही. पण तिचे डोळे भरले, आणि तिनं ते पुसले नाहीत. "मीसुद्धा मान वर केली नाही," ती म्हणाली. "एकदाही. तुझं खोटं मला हवं होतं. ते मी विसरणार नाहीये. तूही विसरू नकोस."

मग तिनं स्टूल ओढलं. तो वाचत गेला, ती एकेक आकडा खोडून शेजारी खरा लिहीत गेली. अकरा झटके. शेवटी तिनं स्वतः लिहिलं — सतरा मिनिटं. त्याखाली काही लिहायचं नव्हतं. तिनं वही मिटली आणि बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसली. त्यानं आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवला. अंगठ्यावर टाक्यांची पांढरी रेघ होती. तिनं तिच्यावरून एकदाच बोट फिरवलं.

"याच्या खुणा राहिल्या," ती म्हणाली.

"राहू देत."

तिनं किल्ली काढली. त्यानं हात पुढे केला, पण तिनं दिली नाही. स्वतः मोजून चौदा वळसे दिले, आणि काटे लावायला त्याच्याकडे बघितलं. त्यानं वेळ सांगितली, अगदी सेकंदासकट. घड्याळ चालू झालं.

"रोज दुपारी येत जा," ती म्हणाली. "गुरुवारीही."

"किल्ली द्यायला?"

"किल्ली मी देईन. तू नुसता ये."

त्यानं लंबक काढून कागदात गुंडाळला, कारण घड्याळ नेताना तसंच न्यायचं असतं, आणि घरी टांगल्यावर पुन्हा काटे लावायचे असतात. घड्याळ चादरीत ठेवलं. दोन टोकं त्यानं धरली. दोन तिनं. ओझं असं काहीच नव्हतं, एकाला सहज झेपलं असतं. तिनं तर एकटीनंच आणलं होतं. तरी गल्लीतून, वळणावरून, दोन जिने चढून घरापर्यंत दोघांनी ती टोकं सोडली नाहीत. चादर फार हलकी होती, आणि ती किती हलकी आहे ते दोघांनाही कळत होतं.